निस्तारपत्रक आणि राखीव प्रत

संगणकावरील माहितीची राखीव प्रत, म्हणजेच बॅकअप, ठेवावी हे आता शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. ती ठेवावी कुठे, याचा विचार मात्र कमी होतो. त्यासाठी आपण चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील एका जुन्या दस्तऐवजाकडे पाहू.

हा दस्तऐवज म्हणजे निस्तारपत्रक. सरपण, बांबू, चराई अशा घरगुती गरजा गावाने जंगलातून भागवणे म्हणजे निस्तार. १९५० च्या कायद्याने मालगुजार आणि जमीनदार यांची मालकी संपली व त्यांच्याकडील जंगल सरकारकडे आले. गावांचे निस्तार हक्क निस्तारपत्रकात नोंदले गेले. तेव्हा हे दोन्ही जिल्हे मिळून एकच चांदा जिल्हा होता आणि तो मध्य प्रदेशात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा झाला. राज्य बदलले, जिल्हा बदलला, की दप्तरही हलते. वाळवी आणि ओल तर नेहमीचीच. कागद गेला, तर हक्क सिद्ध कसा करायचा?

२००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनी याचे उत्तर दिले. निस्तारपत्रकासारखे सरकारी कागद हा एक पुरावा; वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले कथन हा दुसरा; देवराई, तळे, दहनभूमी अशा जागेवरच्या खुणा हा तिसरा. हक्क ठरवताना एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यावेत, असे नियमात म्हटले आहे. या कायद्याखाली २००९ मध्ये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.

यामागचे गणित सोपे आहे. समजा, एक प्रत नष्ट होण्याची शक्यता दहात एक आहे. दोन प्रती एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर दोन्ही जाण्याची शक्यता शंभरात एक. पण त्या एकाच कपाटात असतील आणि कपाटच जळाले, तर दोन्ही एकदमच जातील. कचेरीतील वाळवी म्हाताऱ्या माणसाची आठवण खात नाही, आणि माणूस विसरला तरी तळे जागेवरच राहते.

एखादी शाळा किंवा ग्रामसभा आपले संकेतस्थळ स्वतःच्याच संगणकावर चालवत असेल, तर हेच गणित तिला लागू पडते. त्याच संगणकातील दुसरी डिस्क वीज पडल्यावर पहिलीबरोबरच जाईल. म्हणून एक प्रत वेगळ्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी असावी. फाइलींबरोबर डेटाबेसचीही प्रत घ्यावी. त्याशिवाय संकेतस्थळ पुन्हा उभे राहत नाही. जुन्या प्रती तारखा घालून ठेवाव्यात, कारण चुकून पुसलेली गोष्ट नव्या प्रतीतही पुसलेलीच येते. आणि वर्षातून एकदोनदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहावी. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर विसंबणे म्हणजे न वाचता जपलेल्या निस्तारपत्रकावर विसंबणे होय.

शाळेच्या दाखलखारीज रजिस्टराच्या प्रती किती आणि कुठे आहेत, हे वर्गात शोधायला सांगून या पाठाची सुरुवात करता येईल.