लंडनला न पोहोचलेलं पदक

आज तांब्याविषयी बोलायचं आहे. पण घरातल्या हंड्या-घागरींविषयी नव्हे, तर एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या राजेरजवाड्यांनी पाडून घेतलेल्या स्मृतिपदकांविषयी. राज्याभिषेक झाला, लढाई जिंकली, राजपुत्र जन्मला, की टाकसाळीत पदक तयार. नाण्यावर बाजारात भाजी तरी मिळे, पदकावर काहीच मिळत नसे. राजाला जे हवं ते लोकांच्या लक्षात राहावं, एवढंच त्याचं काम. तांब्याची पदकं सोन्या-चांदीपेक्षा स्वस्त, म्हणून माझ्यासारख्याला परवडतात.

माझी ऊठबस शब्दांशी. त्यामुळे पदक हाती आलं की मी आधी मजकूर वाचतो. या बाबतीत नेपोलियनच्या एका पदकाला तोड नाही. १८०४ साली तो सम्राट झाला, तेव्हा इंग्लंडवरच्या स्वारीची तयारी चालूच होती. बूलोनच्या किनाऱ्यावर लाखाहून अधिक सैन्य गोळा झालं होतं. पदकांचं खातं दनों नावाच्या कलावंताकडे होतं. विजयाचं पदक आधीच घडवलं गेलं. एका बाजूला सम्राटाचं मस्तक, दुसऱ्या बाजूला कमरेखाली मासा असलेल्या राक्षसाला आवळणारा हर्क्युलिस, आणि खाली फ्रेंचमध्ये कोरलेलं: ‘१८०४ साली लंडनमध्ये पाडलं.’ लंडन राहिलं दूर, सैन्याला खाडीसुद्धा ओलांडता आली नाही. ऑगस्ट १८०५ मध्ये ते ऑस्ट्रियाकडे वळलं. ‘बाजारात तुरी’ ही आपली म्हण पॅरिसच्या टाकसाळीला ठाऊक नसावी! अस्सल पदक फार दुर्मीळ. दिसतात त्या बहुतेक नंतरच्या नकला.

मग खरं वाचायचं कुठे? काठावर. १८३२ पासून पॅरिसच्या टाकसाळीनं पदकाच्या काठावर बारीक खूण ठोकायला सुरुवात केली. आधी जुन्या घडणीचा दिवा, मग नांगर, मग गलबताचं पुढचं टोक, १८४५ पासून बोट दाखवणारा हात आणि १८६० पासून मधमाशी. जोडीला धातूचं नाव. टाकसाळीत जुने ठसे जपलेले असत, मागणी आली की त्यावरूनच पुन्हा पदकं पाडत. म्हणजे ऑस्टरलिट्झच्या विजयाच्या पदकावर पुढे १८०५ सालची लढाई आणि काठावर मधमाशी दिसली, तर ते निदान अर्ध्या शतकानंतरचं. मधमाशी हे बोनापार्ट घराण्याचं चिन्ह. ती आली पुतण्याच्या, तिसऱ्या नेपोलियनच्या अमलात. १८७० साली त्याचं राज्य बुडालं, तरी मधमाशी पुढे काही वर्षं ठोकली जातच होती. सरकारी खात्यांचा स्वभाव सगळीकडे सारखाच.

एक सूचना. हे तांबं चिंच-लिंबानं घासू नका. त्यावरची चॉकलेटी झाक टाकसाळीतच मुद्दाम दिलेली असते. ती गेली की जाणकार गिऱ्हाईक पाठ फिरवतं.

आणि ट्रफाल्गार? २१ ऑक्टोबर १८०५ ला फ्रेंच आरमार तिथे हरलं. त्याचं पदक इंग्लंडात निघालं, तेही राजाकडून नव्हे. बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन यानं ते स्वखर्चानं पाडलं. अधिकाऱ्यांना चांदीचं, साध्या खलाशांना कथलाच्या मिश्रधातूचं. काही खलाशांनी रागानं ते समुद्रात भिरकावलं, असं सांगतात. उरलेल्यांपैकी काहींना भोक पाडलेलं आढळतं. दोरीत ओवून गळ्यात घालायला.