तैपेई ते शांघाय, व्हाया हाँगकाँग

आज एका कोड्याने सुरुवात करतो. तैपेई ते शांघाय हवाई अंतर साधारण 680 किलोमीटर, म्हणजे आपलं मुंबई-नागपूरच. विमानाला किती वेळ? दीड तास म्हणाल. पण 2008 पर्यंत या प्रवासात निम्मा दिवस जायचा.

1949 मध्ये यादवी युद्ध हरून च्यांग काई-शेकचं सरकार तैवानला आलं आणि मधली सामुद्रधुनी बंद झाली. सोबत आलेल्या सैनिकांना चीनमधल्या घरी जायची परवानगी मिळाली थेट नोव्हेंबर 1987 मध्ये. अडतीस वर्षांनी! तरी विमान नव्हतंच. आधी नैऋत्येला हाँगकाँग, तिथे विमान बदलायचं, मग उलटं ईशान्येला शांघाय. मी कोऑर्डिनेट्स टाकून बेरीज केली, तर 2,000 किलोमीटरच्या वर. तिप्पट!

2003 च्या चिनी नववर्षाला तैवानची चार्टर विमानं शांघायला गेली, तीही वाटेत टेकून. 2005 मध्ये टेकणं सुटलं, पण हाँगकाँगच्या हवाई हद्दीला शिवून जायचंच. (असा कोड मी लिहिला असता, तर रिव्ह्यूमध्ये धुलाई झाली असती.) जुलै 2008 मध्ये वीकेंडची विमानं सुरू झाली. वळसा तोच.

सरळ उत्तरेचा मार्ग उघडला 15 डिसेंबर 2008 ला. 1949 मध्ये विशीत घर सोडलेला सैनिक तोवर एकोणऐंशीचा झाला होता.