नमुन्याची बाटली

आमच्या घरामागच्या नाल्याला वेळापत्रक होतं. दिवसा तो साधा काळपट असायचा. रात्री दीड-दोननंतर त्याला वास सुटायचा आणि पहाटे दूध आणायला निघालं की कधी तो तांबडा दिसायचा, कधी हिरवट. ठाणे जिल्ह्यातल्या एका औद्योगिक वसाहतीच्या कडेला आमची चाळ होती. नाल्यांना रंग असतात, ही गोष्ट मला बरीच मोठी होईपर्यंत विचित्र वाटली नव्हती.

वास फारच वाढला की चाळीतलं कुणीतरी तक्रार करायचं. मग एखाद्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला एक गृहस्थ यायचे. हातात बाटल्या, सोबत थर्माकोलची पेटी. नाल्यात दोरी सोडून बाटली भरायची, तिला चिठ्ठी चिकटवायची, वहीत काहीतरी लिहायचं आणि निघायचं. तोपर्यंत नाला पुन्हा शहाण्यासारखा काळपट झालेला असायचा. आई म्हणायची, “बाटलीवाले येऊन गेले.” पुढे काय झालं, ते आम्हाला कधीच कळायचं नाही.

त्या बाटलीचं पुढे काय होत असेल, हा प्रश्न डोक्यात राहिला. त्याचं उत्तर शोधताना मी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा पन्नासेक वर्षांचा इतिहास वाचत गेले. तोच इथे बाटलीच्या बाजूने सांगते.

आधी कारखाने, मग मंडळ

प्रदूषणावर सरकारी नजर ठेवायची कल्पना आपल्याकडे नवी नाही. गिरण्यांच्या धुराने मुंबई काळवंडायला लागली, तेव्हा इंग्रज सरकारने १९१२ साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा केला होता. पण तो धुरापुरता होता. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं काय करायचं, याचं उत्तर त्यात नव्हतं.

१९६० साली महाराष्ट्र राज्य झालं आणि दोनच वर्षांत, १९६२ मध्ये, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ म्हणजे आपली एमआयडीसी उभी राहिली. जमीन संपादन करायची, भूखंड पाडायचे, रस्ते आणि पाणी आणून द्यायचं, असं तिचं काम. मुंबईतली गर्दी कमी व्हावी आणि बाहेरच्या तालुक्यांत रोजगार जावा, हा हेतू होता आणि तो बऱ्याच अंशी साधलाही. माझ्या वडिलांची नोकरी त्याच धोरणातून आलेली.

वसाहतीत पाणी आत आणायची सोय पहिल्या दिवसापासून होती. ते बाहेर कसं जाणार, हे मात्र नंतर बघायचं ठरलं. राज्याने जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला तो १९६९ चा, आणि त्याखाली मंडळ स्थापन झालं ७ सप्टेंबर १९७० रोजी. केंद्राचा पाण्याचा कायदा आला १९७४ साली. त्याच्याही चार वर्षं आधी महाराष्ट्राने स्वतःचं मंडळ उभं केलं होतं, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण एमआयडीसी आणि मंडळ यांच्या जन्मात आठ वर्षांचं अंतर आहे. या आठ वर्षांत कारखाने आले, नळ जोडले गेले आणि जवळचा ओढा हीच सांडपाण्याची वाट ठरून गेली. मंडळ जन्मलं तेव्हा त्याच्यापुढे आधीच लागलेल्या सवयी होत्या.

कायद्यातली बाटली

पाणी हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय. त्यामुळे संसदेने १९७४ चा कायदा काही राज्यांच्या ठरावांवरून केला आणि बाकीच्यांनी तो पुढे स्वीकारायचा, अशी व्यवस्था होती. स्वतःचा कायदा असलेल्या महाराष्ट्राने तो १९८१ मध्ये स्वीकारला. त्याच वर्षी हवेचा कायदाही झाला आणि पुढे मंडळाकडे चिमण्याही आल्या.

या पाण्याच्या कायद्याचं कलम २१ वाचताना मला बाटलीवाले काका पहिल्यांदा नीट समजले. नमुना कसा घ्यायचा, याचे नियम तिथे आहेत. खटल्यात वापरायचा नमुना घेताना कारखान्याच्या माणसाला तशी नोटीस द्यायची. त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे. दोन्ही बाटल्यांवर खूण करायची, सील लावायचं आणि दोघांनी सह्या करायच्या. एक बाटली मंडळाच्या प्रयोगशाळेत जाणार. कारखान्याने मागणी केली तर दुसरी कायद्यात ठरवून दिलेल्या वेगळ्या प्रयोगशाळेत जाणार. ही पद्धत पाळली नाही, तर त्या नमुन्याचा अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही.

नियम न्याय्य आहे. उद्या कुणी खोडसाळपणे गटाराचं पाणी भरून तुमच्या कारखान्याच्या नावावर खपवलं, तर तुम्हाला बचाव हवाच. पण त्याचा अर्थ असा की नदी वाचणार की नाही, हे एका माणसाच्या कागदपत्रांवर ठरतं. १९८६ साली दिल्ली उच्च न्यायालयात नेमकं हेच झालं. नमुना कायद्याने सांगितलेल्या प्रयोगशाळेत तपासला गेला नव्हता. न्यायालयाने तो अहवाल ग्राह्य धरला नाही. पाणी घाण होतं की स्वच्छ, हा प्रश्न मागेच राहिला.

आता बर्फाचं बघू. पाण्यातली सेंद्रिय घाण मोजायची मुख्य चाचणी म्हणजे बीओडी. पाण्यातले जिवाणू ती घाण खाताना किती ऑक्सिजन वापरतात, ते त्यात मोजतात. आपल्याकडे त्यासाठी नमुना २७ अंश तापमानात तीन दिवस ठेवतात. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी मर्यादा आहे लिटरमागे ३० मिलिग्रॅम. पण जिवाणू काही प्रयोगशाळा यायची वाट बघत बसत नाहीत. बाटलीतच त्यांचं काम सुरू होतं. म्हणून नमुना थंड ठेवून शक्यतो त्याच दिवशी, फार तर २४ तासांत प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. उशीर झाला, बर्फ वितळला, की बाटलीतलं पाणी आकड्यांत सुधारतं. घाण पाण्याला निर्दोष ठरवायचा हा सगळ्यात सोपा मार्ग, आणि त्यासाठी कुणी लाच द्यावी लागत नाही. घाटात एखादी गाडी अडकली तरी पुरते.

मंडळाच्या प्रयोगशाळा पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद, चिपळूण, चंद्रपूर अशा पसरत गेल्या, त्यामागचं साधं कारण हे आहे. ‘यंत्रणेचं सक्षमीकरण’ हा शब्द सरकारी कागदांत वाचला की मला झोप यायची. आता तो वाचला की मी मनात म्हणते, चिपळूणची बाटली मुंबईला न्यावी लागू नये, हे सक्षमीकरण.

भोपाळनंतर

सुरुवातीच्या मंडळाकडे अहवाल असला तरी हातात फार काही नव्हतं. घातक सांडपाणी थांबवायचं तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागे. तारखा पडत. कारखाना चालू राही.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये वायुगळती झाली आणि हजारो माणसं गेली. त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. हवेचा कायदा १९८७ मध्ये आणि पाण्याचा १९८८ मध्ये दुरुस्त झाला. पाण्याच्या कायद्यात ३३-अ हे कलम घातलं गेलं. आता मंडळ स्वतःच कारखाना बंद करायचा आदेश देऊ शकत होतं, वीज आणि पाणी तोडायला सांगू शकत होतं. कागदावरचं मंडळ खऱ्या अर्थाने नियंत्रण मंडळ झालं ते तेव्हा. हे बळ मिळायला अठरा वर्षं लागली आणि त्याची किंमत दुसऱ्या राज्यातल्या लोकांनी मोजली.

पैसा आणि यंत्रं आली ती पुढच्या दशकात. १९९१ साली जागतिक बँकेने भारतासाठी औद्योगिक प्रदूषण नियंत्रण प्रकल्प मंजूर केला. त्यात महाराष्ट्र, गुजरात, तामिळनाडू आणि उत्तर प्रदेश ही चार राज्यं होती. एकीकडे मंडळांच्या प्रयोगशाळा आणि माणसांचं प्रशिक्षण, दुसरीकडे छोट्या कारखान्यांसाठी सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रं, म्हणजे सीईटीपी, अशी त्याची मांडणी होती.

सीईटीपीची कल्पना चाळीतल्या सामायिक नळासारखी आहे. लहान रंगकारखान्याला स्वतःचं शुद्धीकरण यंत्र परवडत नाही, तर वसाहतीतल्या सगळ्यांनी मिळून एक चालवावं. आणि अडचणही सामायिक नळासारखीच. केंद्रातून बाहेर पडणारं पाणी खराब निघालं, तर दोष कुणाचा? आत येणाऱ्या शेकडो कारखान्यांपैकी नेमक्या कुणी मर्यादेपेक्षा जास्त आम्ल सोडलं? केंद्र म्हणतं, आम्हाला पाणीच असं आलं. कारखाने म्हणतात, आम्ही पैसे भरतो. बाटली घेऊन आलेला माणूस मध्ये उभा.

महापालिकेला नोटीस

तोवर मंडळाच्या डोक्यावर कचराही आला होता. घातक कचऱ्याचे नियम १९८९ चे, रुग्णालयांच्या कचऱ्याचे १९९८ चे, शहरांच्या घनकचऱ्याचे २००० चे. पुढे ई-कचरा, प्लास्टिक, बांधकामाचा राडारोडा. २०१८ च्या मार्चमध्ये राज्याने प्लास्टिकबंदी केली, तेव्हा तिची राखणही इतर यंत्रणांबरोबर मंडळाकडेच आली.

इथे खेळ बदलतो. कारखान्याला बंदचा आदेश देता येतो. महापालिकेचं काय करणार? शहराचा मैला बंद करता येत नाही आणि डम्पिंग ग्राउंडला टाळं लावलं तर दुसऱ्या दिवशी कचरा रस्त्यावर येतो. देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे. २०१६ च्या जानेवारीत तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला होता. त्यात पुन्हा पाण्याच्या कायद्यानुसार मंडळावर स्थानिक स्वराज्य संस्थांचे पाचपर्यंत सदस्य बसू शकतात. म्हणजे ज्यांना नोटीस द्यायची, त्यांचेच प्रतिनिधी टेबलाच्या याही बाजूला.

अध्यक्षपदाचीही गोष्ट अशीच. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं की मंडळांवर कोण बसणार, त्यांची पात्रता काय, याचे नियम सहा महिन्यांत करा. केंद्राचा पाण्याचा कायदा होऊन तेव्हा त्रेचाळीस वर्षं झाली होती.

आणि पैसा? १९७७ पासून पाण्यावर उपकर होता. कारखाने आणि नगरपालिका वापरलेल्या पाण्यावर तो भरत आणि त्यातला मोठा वाटा केंद्राकडून मंडळांकडे परत येई. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा हा उपकर गेला. आता मंडळांची मोठी भिस्त संमतीपत्रांच्या शुल्कावर आहे. कारखान्याला उभं राहायला आणि चालायला जे संमतीपत्र लागतं, त्याचं शुल्क. ज्याच्यावर नजर ठेवायची, त्याच्याच पैशावर नजर ठेवणाऱ्याचा पगार. याला लगेच भ्रष्टाचार म्हणू नये. पण अशा घरात मोठ्याने बोलणं अवघड जातं, एवढं खरं.

रात्री दोन वाजता

अलीकडच्या काळात बाटलीला मदतनीस मिळाले. २०१४ पासून केंद्रीय मंडळाने जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन मोजणीयंत्रं बसवायला लावली. ती चोवीस तास आकडे पाठवतात. ५ जून २०१७ रोजी महाराष्ट्राने कारखान्यांच्या चिमण्यांना एक ते पाच तारे द्यायची योजना सुरू केली. मंडळाच्या कपाटातले अहवाल पहिल्यांदा तुमच्या-माझ्या फोनवर आले. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की झालेल्या हानीची भरपाई मंडळं स्वतः वसूल करू शकतात.

तरी २०१४ च्या जानेवारीत डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला आणि २०२० च्या फेब्रुवारीत तिथला रस्ता गुलाबी झाला. दोन्ही वेळा बातमी कळली ती रहिवाशांमुळे. यंत्र मोठ्या कारखान्याच्या पाइपवर असतं. गुलाबी रंग गल्लीतून येतो.

हे सगळं वाचून झाल्यावर बाटलीवाल्या काकांवरचा माझा राग गेला. ते अकरा वाजता यायचे, कारण त्यांच्या वाट्याला कदाचित दोन तालुके असतील. रात्री दोन वाजता यायला गाडी लागते, सोबत दुसरा माणूस लागतो, बर्फ लागतो आणि पहाटे उघडी असलेली प्रयोगशाळा लागते. कायद्याने त्यांना वीज तोडण्याचा अधिकार दिला होता. ही गाडी मात्र बहुधा कुणी दिली नव्हती. मोठे अधिकार दुर्घटनेनंतर किंवा न्यायालयाच्या आदेशाने येतात. गाडी, माणूस आणि बर्फ यांच्यासाठी दरवर्षी कुणीतरी मागणी करावी लागते, आणि ती करणारं कुणी नसतं.

मागच्या दिवाळीत मी त्या चाळीत गेले होते. नाल्यावर आता स्लॅब आहे. रंग दिसत नाही. रात्री खिडकी उघडली, तेव्हा दोनचा सुमार असेल. वास ओळखीचा होता.