निर्जीव कापापासून जिवंत मेंदूपर्यंत

इटलीतील आबियातेग्रासो या गावी दीर्घकालीन रुग्णांसाठी एक इस्पितळ होते. तेथील डॉक्टर कामिल्लो गॉल्जी यांनी स्वयंपाकघरातच आपली छोटीशी प्रयोगशाळा थाटली होती. १८७३ साली त्यांनी चांदीच्या क्षाराने मेंदूचे काप रंगविण्याची रीत प्रसिद्ध केली आणि एकेक चेतापेशी फांद्यांसकट काळीभोर उमटू लागली. त्याच रीतीच्या आधारे स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी मेंदूची अप्रतिम रेखाचित्रे काढली. १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. परंतु हे सारे ज्ञान निर्जीव मेंदूचे होते.

जिवंत मेंदू पाहण्यात मोठ्या अडचणी होत्या. मेंदूचा गर प्रकाश विखुरतो, म्हणून खोलवरचे चित्र धूसर दिसते. प्रकाश वाढवावा, तर पेशीलाच इजा होते. यावरच्या उपायाचे बीज मात्र केव्हाच पेरले गेले होते. एकच अणू दोन प्रकाशकण एकाच वेळी शोषू शकेल, असे मारिया ग्योपर्ट-मायर यांनी १९३० साली जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठाच्या प्रबंधात गणिताने दाखविले. विवाहानंतर अमेरिकेत गेलेल्या या विदुषीने कित्येक वर्षे बिनपगारी संशोधन केले. १९६१ साली लेसरच्या साहाय्याने त्यांचे भाकीत खरे ठरले. १९६३ साली त्यांना नोबेल लाभले, ते मात्र अणुकेंद्राच्या रचनेवरील कार्यासाठी. १९७२ साली त्या निवर्तल्या.

पुढे १९९० साली विन्फ्रीड डेंक, जेम्स स्ट्रिकलर व वॅट वेब यांनी कॉर्नेल विद्यापीठात त्याच तत्त्वावर सूक्ष्मदर्शक उभारला. त्यात लेसरच्या केंद्रबिंदूपाशीच दोन प्रकाशकण एकत्र शोषले जातात. तेवढाच बिंदू उजळतो आणि भोवतालच्या पेशींना फारशी झळ पोचत नाही. चेतापेशी कार्यरत होताच तिच्यात कॅल्शियम शिरते. त्याच्याशी संयोग होताच अधिक चमकणारे प्रथिन जपानी संशोधकांनी २००१ साली सादर केले.

राहता राहिला प्रश्न वेगाचा. बिंदूमागून बिंदू टिपण्यात वेळ जातो. २०१३ साली अमेरिकेतील जनेलिया संशोधन केंद्रात मिशा आरेन्स व फिलिप केलर यांनी प्रकाशाचा पातळ पडदा वापरून झेब्रा माशाच्या पारदर्शक पिलाचा जवळजवळ संपूर्ण मेंदू दर १.३ सेकंदांनी टिपला. त्या मेंदूत सुमारे १ लाख चेतापेशी असतात.

तथापि, चेतापेशीचा एक स्पंद सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात संपतो आणि मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. वाट अजून लांबची आहे. मात्र ज्या तरुणीच्या गणिताने ही वाट उजळली, तिला ते यंत्र पाहता आले नाही, याचे स्मरण असू द्यावे.