वीज गेल्यावर मेणबत्ती : उजेड किती, ऊब किती, जोखीम किती?

- विशेष प्रतिनिधी

'निसर्ग' चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत विजेचे खांब जमीनदोस्त झाले. अनेक गावांनी त्यानंतरचे कित्येक आठवडे अंधारात काढले. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकरांनी आणि २०२१ मध्ये महाड-चिपळूणकरांनी हाच अनुभव घेतला. 'वीज जात नाही' अशी ख्याती असलेली मुंबईही १२ ऑक्टोबर २०२० रोजी काही तास ठप्प झाली होती. ग्रामीण महाराष्ट्राने दहा-दहा तासांचे भारनियमन सोसले, ते दिवस मागे पडले असले तरी वीज जाणे काही थांबलेले नाही. अशा वेळी पहिला हात जातो तो देवघरातील काडेपेटीकडे आणि खणातील मेणबत्तीकडे. ही मेणबत्ती आपल्याला नेमके काय देऊ शकते आणि तिच्याकडून कसली अपेक्षा ठेवू नये, याचा हा आढावा.

ज्योत जळते कशी?

बाजारात मिळणारी नेहमीची पांढरी मेणबत्ती प्रामुख्याने पॅराफिनची असते. पॅराफिन हे खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मिळणारे मेण. वात पेटवली की तिच्या उष्णतेने भोवतालचे मेण वितळते, वातीतून वर चढते आणि तेथे त्याची वाफ होते. प्रत्यक्षात जळते ती ही वाफ. वात केवळ मेण वर ओढण्याचे काम करते. ज्योतीचा पिवळा प्रकाश हा तिच्यातील काजळीच्या तापलेल्या सूक्ष्म कणांचा असतो. हे कण पूर्ण जळाले नाहीत की भिंत काळी होते. मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी दिलेली मेणबत्तीवरील व्याख्याने १८६१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली; आजही ती विज्ञानशिक्षणाचा आदर्श मानली जातात.

वात फार लांब असेल तर मेण जास्त ओढले जाते, ज्योत फडफडते आणि धूर होतो. म्हणूनच पेटवण्यापूर्वी वात सुमारे अर्धा सेंटिमीटर ठेवून कापावी. खिडकीच्या झोतात मेणबत्ती ठेवू नये. ती एका बाजूने झरझर वितळते आणि निम्मे मेण वाया जाते.

उजेडाचा हिशेब

प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे 'कँडेला' हे एकक मेणबत्तीवरूनच आले. एक साधी मेणबत्ती साधारण एक कँडेला तीव्रतेचा, म्हणजे सुमारे १२ ल्युमेन प्रकाश देते. आपल्या घरातील ९ वॅटचा एलईडी दिवा आठशेच्या आसपास ल्युमेन देतो. म्हणजे त्या एका दिव्याची बरोबरी करण्यास साठ-सत्तर मेणबत्त्या लागतील. मेणबत्तीच्या उजेडात वाट दिसते, ताट दिसते, माणसांचे चेहरे दिसतात. पण औषधाच्या बाटलीवरील बारीक अक्षरे वाचण्यास किंवा मुलांच्या अभ्यासास तो पुरत नाही. अंधारात चुकीची गोळी घेतली जाण्याचा धोका लक्षात घेता औषधांसाठी विजेरीच वापरावी.

हाच उजेड अधिक कामी आणण्याची जुनी युक्ती आहे. मेणबत्तीमागे थोड्या अंतरावर आरसा किंवा घासलेले स्टीलचे ताट उभे करावे. भिंतीकडे वाया जाणारा प्रकाश परतून खोलीत येतो.

साठा किती असावा?

साधारण मेणबत्तीत तासाला सहा ते आठ ग्रॅम मेण जळते. पुडक्यावरील वजनाला मेणबत्त्यांच्या संख्येने भागले की एका मेणबत्तीचे वजन कळते. ५० ग्रॅमची मेणबत्ती सुमारे सात तास पुरते. रोज संध्याकाळी चार तास एक मेणबत्ती लावायची तर तीन दिवसांना अशा दोन मेणबत्त्या लागतात. पावसाळ्यापूर्वी चार-पाच मेणबत्त्या आणि दोन काडेपेट्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. काडेपेटी सादळली तर मेणबत्ती असूनही अंधारच!

उबेचा भ्रम

मेणबत्तीने खोली गरम होते का, हा प्रश्न थंड प्रदेशांत नेहमी विचारला जातो. तासाला सहा-सात ग्रॅम मेण जळते, तेव्हा सुमारे ७० ते ८० वॅट उष्णता निर्माण होते. शांत बसलेल्या माणसाच्या शरीरातून सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर पडते. म्हणजे एक मेणबत्ती लावण्यापेक्षा घरातले आणखी एक माणूस खोलीत येऊन बसले तर ऊब अधिक मिळते. दीड हजार वॅटच्या हीटरची जागा घ्यायला वीस मेणबत्त्या लागतील, आणि वीस ज्योती असलेली बंद खोली उबदार कमी, धोकादायक जास्त.

मेणबत्त्यांवर मातीची कुंडी उपडी ठेवली की 'हीटर' तयार होतो, असा एक उपाय सांगितला जातो. कुंडी तापते हे खरे. पण मेणातून मिळते त्याहून अधिक उष्णता ती निर्माण करू शकत नाही. उलट खाली दाटीने ठेवलेल्या मेणबत्त्यांचे मेण अति तापून एकदम पेट घेण्याची शक्यता असते. युक्रेनमध्ये २०२२ च्या हिवाळ्यात नागरिकांनी रिकाम्या डब्यांत पुठ्ठ्याच्या गुंडाळ्या घालून त्यावर मेण ओतले आणि अशा 'खंदक-मेणबत्त्या' सैनिकांसाठी पाठवल्या. हात शेकण्यास आणि डबा गरम करण्यास त्या उपयोगी पडल्या. पण ती मोठ्या ज्योतीची, धूर करणारी वस्तू आहे. घराच्या बंद खोलीत तिला स्थान नाही.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात लक्षावधी घरांची वीज गेली. तेथे अनेक मराठी कुटुंबेही राहतात. त्या काळात काहींनी ऊब मिळवण्यासाठी घरात कोळसा पेटवला, बंद गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवली आणि कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेने प्राण गमावले. या वायूला रंग नसतो, वासही नसतो. आपल्याकडेही थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपणे याच कारणाने जीवघेणे ठरते. थंडीवरचा खरा उपाय साधा आहे : सर्वांनी एका लहान खोलीत एकत्र बसावे, दाराखालची फट चादरीने बुजवावी, एका जाड कपड्याऐवजी दोन-तीन पातळ कपडे घालावेत आणि गोधडीत गरम पाण्याची रबरी पिशवी घ्यावी. खोलीत ज्योत असेल तर मात्र खिडकी थोडी उघडी ठेवणे आवश्यक.

जोखीम कोठे?

मेणबत्ती टीव्हीवर, फ्रिजवर किंवा प्लास्टिकच्या झाकणावर चिकटवण्याची सवय घातक आहे. मेणबत्ती संपत आली की ज्योत थेट त्या पृष्ठभागाला भिडते. स्टीलच्या परातीत वाळू किंवा कोरडी माती घालून तीत मेणबत्ती रोवावी. पडदे, मच्छरदाणी, वह्या-पुस्तके यांपासून किमान एक फूट अंतर असावे. शेवटचे दोन बोटे मेण उरले की ती विझवावी. झोपताना किंवा खोलीबाहेर जाताना मेणबत्ती जळती ठेवू नये.

तीन ठिकाणी ज्योत नेऊच नये. गॅसचा वास येत असेल तेथे. इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ, कारण चार्ज होताना शिसे-आम्लाच्या बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन बाहेर पडतो. आणि घरी ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णाच्या खोलीत.

दुर्घटना घडलीच तर

वितळलेल्या मेणाने पेट घेतल्यास त्यावर पाणी ओतू नये. पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळते मेण चहूकडे उडते. भांड्यावर झाकण ठेवून किंवा वाळू टाकून ज्योत कोंडावी. आग आवरत नसेल तर सर्वांना बाहेर काढून १०१ किंवा ११२ वर दूरध्वनी करावा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते थंड पाणी धरावे. टूथपेस्ट किंवा हळद लावू नये.

पर्याय हाताशी

सर्वांत सुरक्षित म्हणजे एलईडी विजेरी किंवा चार्ज होणारा आपत्कालीन दिवा. मोबाइलचा दिवा सतत लावू नये. त्या बॅटरीची गरज संपर्कासाठी आहे. ज्योतच हवी असेल तर तेलाचे निरांजन वाईट नाही. खाद्यतेल सांडले तरी रॉकेलसारखे चटकन भडकत नाही, मात्र काळजी तीच घ्यावी. वीज गेल्याची तक्रार १९१२ या क्रमांकावर नोंदवता येते.

वादळ टळणे आपल्या हाती नाही. पण विजेरी, सेल, काडेपेटी आणि परातभर वाळू कोठे आहे, हे घरातील प्रत्येकाला अंधारातही ठाऊक असणे आपल्या हाती आहे. मेणबत्ती हा अंधारातला अखेरचा आधार आहे. तिच्यावर लक्ष ठेवणारे कोणी जागे असेल तोवरच तिच्यावर विसंबावे.