फ्री डेजचा चौदावा दिवस

गुरुवार, 29 फेब्रुवारी 2024. बेलापूर, कस्टम ब्रोकरचं ऑफिस.

सकाळी 10.10
न्हावाशेवाहून 16 तारखेला निघालेले चार कंटेनर तळोज्याच्या कारखान्यात उभे. शिपिंग लाइनचे फ्री डेज 14. तेवढ्यात रिकामे परत गेले नाहीत तर डिटेन्शन, तेही डॉलरमध्ये. मी नुकतंच पायथन शिकून लिहिलेली स्क्रिप्ट सांगते : झाले 13, शिल्लक 1. ट्रेलर उद्यावर टाकले.

दुपारी 12.30
अकाउंटच्या काकांनी भिंतीवरच्या कालनिर्णयवर बोट टेकवत सोळापासून मोजलं. बोट आजच्या चौकटीवर थांबलं. ‘‘चौदा झाले रे. आज शेवटचा दिवस.’’

12.45
माझा संशय थेट लीप दिवसावर. 2012 साली याच तारखेला मायक्रोसॉफ्टचं अझुर कोसळलं होतं. प्रमाणपत्राची मुदत काढताना नुसत्या वर्षात एक मिळवला आणि 29 फेब्रुवारी 2013 ही नसलेली तारीख तयार झाली. मी 28 फेब्रुवारी ते 1 मार्च मोजून पाहिलं : 2, बरोबर. दिवस-महिना उलटे वाचले जातायत का, तेही पाहिलं. पण सोळावा महिना कुठून येणार? यात दोन तास गेले. ते दोन तास मला अजून सलतात.

2.50
काका शेजारी येऊन बसले. ‘‘गेल्या सप्टेंबरात पाच दिवसांचा गणपती 19 ला बसला. विसर्जन कधी?’’
‘‘23 ला.’’
‘‘तेविसातून एकोणीस गेले?’’
चार.
वजाबाकीने दोन तारखांमधलं अंतर मिळतं. शिपिंग लाइन मात्र गणपतीसारखं मोजते, पहिला दिवस धरून. पायथनने मी विचारलं त्याचं चोख उत्तर दिलं होतं. ओळीच्या शेवटी अधिक एक लिहिलं. झाले 14, शिल्लक 0.

3.05
ट्रान्सपोर्टवाल्याकडे मोकळे ट्रेलर दोनच.

5.40
दोन्ही तळोज्याहून सुटले. उरलेले दोन कंटेनर जागेवरच.

रात्री 8.30
करळ फाट्याच्या अलीकडे रांग. ड्रायव्हरचा फोन : ‘‘दादा, गाडी जागची हलंना.’’

11.20
पहिला रिकामा यार्डात आत. दुसऱ्याच्या पुढे अजून तीन गाड्या.

12.10
दुसऱ्याच्या गेटपासचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला. तारीख 01/03/2024. मी स्क्रिप्ट पुन्हा चालवली.
15.