जुनी ॲम्बेसेडर घेताना काय तपासावे?

ॲम्बेसेडर ही मुळात इंग्लंडची गाडी. तिथल्या 'मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज ३' या मोटारीचे हे भारतीय रूप. हिंदुस्तान मोटर्सने ती पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे बनवली. 2014 मध्ये उत्पादन थांबले. त्यामुळे आज विक्रीला येणारी प्रत्येक ॲम्बेसेडर जुनीच असते.

आधी पत्रा पाहा
या गाडीला ट्रकसारखी वेगळी चौकट नाही. भार बॉडीच पेलते. म्हणून फरशीचा आणि दाराखालच्या पट्टीचा गंज हा दिसण्याचा नव्हे, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. कोकणातल्या दमट हवेत तो लवकर धरतो. पत्र्यावर लोहचुंबक फिरवा. जिथे तो चिकटत नाही, तिथे रंगाखाली लांबी भरलेली असू शकते. गाडी जॅकवर उचलल्यावर दार अडकू लागले, तर बॉडी कमकुवत झाली आहे असे समजा.

पुरात बुडाली होती का?
चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी 26 जुलै 2005 आणि 22 जुलै 2021 रोजी बाजारपेठेत शिरले. त्यामुळे इथली जुनी गाडी घेताना हा प्रश्न विचारायलाच हवा. सीटखाली, डॅशबोर्डमागे आणि डिकीच्या कोपऱ्यांत वाळलेला गाळ शोधा. इंजिन किंवा गिअरचे ऑइल दुधी दिसत असेल, तर त्यात पाणी मिसळले आहे. वायरिंगचे सांधे हिरवट पडले असतील, तर दिवे आणि स्टार्टर पुढे त्रास देतील.

कागदपत्रे
इंजिन व चेसिस क्रमांक आरसी बुकाशी स्वतः ताडून पाहा. खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांनी संपते; पुढे तपासणी करून ती दर 5 वर्षांनी वाढवावी लागते. महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. मालकी बदलण्यासाठी फॉर्म 29 व 30 लागतात. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल, तर तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्या. खरेदीदाराने 30 दिवसांत नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा असतो. नाव बदलेपर्यंत आरसीवर जुनाच मालक राहतो; अपघात झाला तर दोघेही अडचणीत येतात.

'व्हिंटेज' म्हणजे काय?
2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षांहून अधिक काळ झालेली, मूळ रूपातली गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदता येते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. विक्रेता 'व्हिंटेज' म्हणून किंमत वाढवत असेल, तर आरसीवरची तारीख आधी पाहा.